शून्य-शून्य, मॅच चालू

दादा, कोदोकुशी हा शब्द मला तू नाही शिकवलास. बाकीचे सगळे तूच शिकवलेस, कचऱ्याचे, स्टेशनचे, डॉक्टरला पोटात कुठं दुखतं ते सांगायचे, पण हा शब्द आपल्या बिल्डिंगच्या मॅनेजरनं शिकवला, तुझ्या दारासमोर उभं राहून. मी विचारलं, म्हणजे काय हो? तर आवाज बारीक करून म्हणाला, एकट्या माणसाचं एकट्यानं मरण, कुणाला न कळता. आणि मान अशी हलवली जशी काय तूच चूक केलीस. वर म्हणतो, बिचारा, आयर्लंडहून एवढ्या लांब आला, ना बायको ना पोर, दिवसभर टीव्ही आणि गेम.

मला इतका राग आला. पण मला तुझ्याशिवाय कुणावर जपानीत रागावता येत नाही. बाहेरच्यांशी बोलायची माझी जपानी सगळी जेवणाच्या डब्यांच्या फॅक्टरीतली, तिथं हो, माफ करा आणि लवकर करते एवढंच लागतं. म्हणून मी त्याला म्हणाले, हो, माफ करा. आणि घरात येऊन भांडी आपटली.

मग मराठी मंडळाच्या वहिनींचा फोन. अंकात चार ओळी लिही म्हणाल्या, तू शेजारची, तुला माहिती असेल. नाव पण त्यांनीच सुचवलं, 'एक एकाकी जीव'. मी नववी नापास, मला कोण लिहायला सांगतंय, तरी मी हो म्हटलं, पण ते नाव नाही टाकणार. तू एकाकी कुठला? मी काय मेले होते का इकडं? तुझ्या सोफ्यापासून माझ्या पोळपाटापर्यंत किती अंतर होतं? मधे एक भिंत, आणि बाल्कनीत ती पांढरी फळी, ती पण पातळ, लाथ मारली की फुटते.

लाथेनं फुटते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे.

लग्न होऊन जपानला, इथं निशी-कसाईला आले तेव्हा त्या फळीवर काय लिहिलंय मला वाचता यायचं नाही. मला वाटायचं इथं कपडे वाळत घालू नका असं असेल, म्हणून मी कपडे लांब घालायचे. काय लिहिलंय ते कळलं अकरा सालच्या मोठ्या भूकंपाला. दुपारची वेळ, आमचे हे हॉटेलात, भटारखान्यात, आणि ओमू केवढासा, मान पण धरत नव्हता. घर असं हलत होतं की फ्रिज चालत पुढं आला. मी टेबलाखाली, पोराला पोटाशी धरून, तोंडातून आई गं आई गं एवढंच. बाहेरून कुणीतरी दार बडवत होतं, मला उठताच येईना. आणि मग बाल्कनीतून धाडकन आवाज आला आणि फळीतून एक पाय आत आला. नुसता पाय. पाठोपाठ लाल दाढीवाला, हाफ चड्डीतला, एवढा मोठा माणूस. मला वाटलं भूकंप कमी होता म्हणून आता हे.

तू टेबलापाशी येऊन फरशीवर आडवा झालास, एक हात फ्रिजला लावलास आणि सोप्या जपानीत म्हणालास, "शेजारचा डेक्लन. माफ करा, न विचारता आत आलो."

आख्खी बिल्डिंग हलतेय आणि हा माणूस माफी मागतोय!

मॅनेजर नंतर तुलाच बोलला. ती फळी आग लागली तर फोडायची असते म्हणे. तू गप्प ऐकून घेतलंस, आणि तो गेल्यावर मला म्हणालास, "जन्मात एकच गोल केला, तो पण रेफ्रीनं रद्द केला." तेव्हा मला गोल म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तरी हसले. किती दिवसांनी हसले.

नवीन फळी लावली, बाकीच्या मळक्या आणि आपली पांढरीशुभ्र. आणि जमीन तर थांबतच नव्हती. दिवसातून कितीदा. आई गावावरून फोनवर रडायची, निघून ये, निघून ये. बरीच लोकं गेली पण. मी पिशवी भरून ठेवली होती. तेव्हा तू फळीपलीकडून सांगितलंस, भीती वाटली तर दोनदा ठोक. तू शाळेत इंग्रजी शिकवायला संध्याकाळी जायचास, दिवसभर घरी. आणि तूच ते काढलंस, की भूकंप म्हणजे समोरची टीम. ती हल्ला करते. आपण पडलो नाही, म्हणजे गोल झाला नाही, म्हणजे शून्य-शून्य. मला विचारलंस, तुझ्या भाषेत कसं म्हणतात? मी सांगितलं. त्या दिवसापासून जमीन हलून थांबली की तिकडून तुझा आवाज यायचा, तसाच वेडावाकडा, "शुन्ने-शुन्ने! म्याच चालू!" आणि इकडून मी म्हणायचे, "चालू!" मग मी टेबलाखालून बाहेर यायचे.

मी पिशवी सोडली ती त्या ओरडण्यापायी. हे कुणाला ठाऊक नाही. ह्यांना पण वाटतं, त्यांनी समजावलं म्हणून मी राहिले.

मी तुला दादा म्हणायला लागले तर तू विचारलंस, मग मी तुला काय म्हणू? मी म्हटलं, ताई म्हण. "पण तू माझ्यापेक्षा लहान आहेस." तरी म्हणतात. "हा काय नियम झाला?" नियम नाही, मान असतो. तू म्हणालास, तुमच्याकडं ऑफसाइडपेक्षा अवघड आहे सगळं.

आता तो आरसा. मंडळातल्या बायकांना तो आरसा माहीत नाही आणि त्या म्हणतात, एकटाच पिक्चर बघत बसायचा. मी परक्या माणसाच्या घरी एकटी कशी येणार, हे तुला न सांगता कळलं. म्हणून तू टीव्ही बाल्कनीकडं फिरवलास, मी पोराला कडेवर घेऊन फळीच्या कडेनं मान वाकडी करून बघायची. माझी मान धरली. मग तू कठड्याला तिरका आरसा बांधलास, जुन्या कपाटाचा, वायरनं. मी माझ्या बाल्कनीत उलटी बादली घालून बसायची, मांडीवर शेंगा, आणि आरशात तुझा टीव्ही. सगळं उलट दिसायचं. खालची अक्षरं पण उलटी, पण मला सुलटी तरी कुठं वाचता येत होती. घोड्यावरचे, पाणबुडीतले, भुताचे, तुमच्याकडच्या हिरव्या डोंगरातले, किती पिक्चर बघितले मी त्या बादलीवर बसून. पुढं ओमूच्या वाढदिवसाला आम्ही सगळे तुझ्या घरी आलो तेव्हा मी टीव्ही पहिल्यांदा सरळ बघितला आणि म्हटलं, दादा, तुझी माणसं आज उलट्या बाजूला पळताहेत. तू हसून हसून खाली बसलास.

आवाज मोठा ठेवायला लागायचा, मला ऐकू यावा म्हणून. मग वरच्या मजल्यावरच्या इनोउए आजी कपडे वाळत घालायच्या काठीनं कठड्यावर टणटण करायच्या. तुला त्या कधी हसून बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की तू एवढा वाकून नमस्कार करायचास आणि त्या तुझ्या चपलांकडं बघायच्या.

तुझी टीम. फुटबॉलची, हिरव्या जर्सीची. कायम हरायची. तुझ्या गावातली ती दुसरी छोटी टीम तर त्याहून हरायची. मी म्हटलं, अरे जिंकणारी धर की एखादी, फुकट तर आहे. तू म्हणालास, "ताई, आई काय बघून धरतात का?" तरी मला राग आलाच. कारण हरल्यावर तू दिवसभर फळीपलीकडं गप्प असायचास, आणि मग इकडं मला भूकंपाची भीती जास्त वाटायची. तुझ्या टीमच्या हरण्याचा मला काय त्रास होता ते तुला काय माहीत.

मॅच तुमच्याकडं रात्री व्हायच्या, तेव्हा इकडं पहाट, म्हणून तू रेकॉर्ड लावून झोपायचास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बघायचास. तोवर फोन बंद. कुणाशी बोलणं नाही. बाल्कनीत आलास तरी कानात बोटं. मला वाटलं बिचाऱ्याला काळजी लागलेली असणार. म्हणून एकदा मी ह्यांच्याकडून निकाल काढून घेतला, आणि तू कपडे काढायला बाहेर आलास तशी फळीवर दोनदा ठोकून मोठ्यांदा म्हणाले, "दादा, काळजी करू नको, जिंकली तुझी टीम! दोन-एक!"

वर्षातनं एकदा जिंकली होती बापडी. तू कपडे हातात तसेच धरून उभा. मग आत गेलास. दोन दिवस बोलला नाहीस माझ्याशी. मी गुळाच्या पोळ्या करून फळीवरून दिल्या, ताट तसंच परत.

तिथून आपलं भांडण चालू झालं, आणि ते संपलं नाही, दादा. तू म्हणायचास, शेवट आधी कळला तर बघायचं कशाला? मी म्हणायचे, शेवट आधी कळला तरच मला बघता येतं. प्रत्येक पिक्चरला मी आधी विचारायची, पोर जगतं का? घर राहतं का? तू तोंडाला कुलूप. मी बादली उचलून निघून जायची. तू ओरडायचास, "बस गं ताई, बस, मी आहे ना इथं!" मी म्हणायचे, तू असून काय उपयोग, सांगत तर नाहीस. ओमू डेकु-डेकु करत तुझ्या मांडीवर बसून गेम खेळायचा, तीनदा मेला की परत जिवंत, त्याला शेवटाची काय पर्वा. पण मी टेबलाखाली बसलेली बाई आहे रे. मला आधीच कळायला पाहिजे असतं.

आणि तू? तुला सांगितलं नव्हतं मी? छातीत जळतंय म्हणालास तेव्हा मी म्हटलं, दादा, डॉक्टरकडं जा, मी येते बरोबर, ओमूची शाळा सुटायच्या आत येऊ. "हा सीझन संपू दे." अरे, फुटबॉलचा सीझन कधी संपतो? एक संपला की तुझा दुसरा, तो संपला की गेमचा नवा भाग, तो संपला की पिक्चरचा महोत्सव. मी दर आठवड्याला म्हणायची आणि तू दर आठवड्याला सीझन पुढं करायचास. माझ्या माहेरी असतास तर भावानं दोन थोबाडीत देऊन गाडीत घातलं असतं. इथं मी एकटी, परदेशी बाई, तुला कुठं ओढू?

आणि ठोकलं का नाहीस? याचं उत्तर मला पाहिजे. मला सांगून ठेवलंस, दोनदा ठोक. मी शेकडो वेळा ठोकलं असेल. झुरळ निघालं तरी ठोकलं. तू एकदाही नाही. त्या रविवारी मी आख्खी सकाळ घरात होते, पोळ्या लाटत होते, एक हाक मारायचीस. डॉक्टर म्हणाले, झोपेत झालं, त्याला कळलं पण नसेल. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. बरं वाटत नाही. रागच येतो.

सोमवारी तू कामावर गेला नाहीस म्हणून तुझ्या शाळेनं मॅनेजरला फोन केला. पोलीस आले. मी दारात उभी. एकानं मला विचारलं, तुमचं नातं काय? मी म्हटलं, दादा. तो म्हणाला, म्हणजे? मी जपानीत मोठा भाऊ म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, तुझ्या लाल दाढीचा फोटो भिंतीवर होता तिकडं बघितलं आणि म्हणाला, शेजारी ना? बाजूला व्हा. सहा वर्षं! सहा वर्षं एका आरशात पिक्चर बघितलेली माणसं आम्ही, आणि बाजूला व्हा.

पण दारातून मला टीव्ही दिसला. मॅच थांबवलेली होती. मध्यंतर. मैदान रिकामं, आणि वरच्या कोपऱ्यात शून्य-शून्य. समोर कोरडा कप, चहाची पुडी टाकलेली, पाणी ओतलेलंच नाही. मग दुसऱ्या पोलिसानं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. सहज, जसा आपण घरातून निघताना करतो. मी ओरडले, मराठीतच ओरडले, अहो बंद करू नका, त्याचं बघून व्हायचंय अजून! कुणाला कळलं नाही.

तुझी बहीण आली, तुझ्यासारखंच नाक, मला मिठी मारून रडली आणि अस्थी घेऊन गेली. मग घर रिकामं करणारी माणसं. त्यांनी तुझी वाटणी केली, दादा. जळणाऱ्या पिशवीत तुझा हिरवा मफलर, न जळणाऱ्यात गेमचे रिमोट, पिक्चरच्या चकत्या प्लास्टिकमध्ये. तूच मला शिकवलं होतंस कशात काय टाकायचं, आणि तुलाच तसं टाकलं. मी पुढं झाले आणि ओमूचा रिमोट काढला, ज्याचं रबर त्यानं दात येताना चावलेलं आहे. म्हटलं, हा आमचा. आणि मफलर पण आमचा. त्या माणसांतला एक पोरगा घाबरून हो म्हणाला. आरसा मी आधीच वायर कापून आणला होता.

आता घरची गंमत ऐक. सासूबाई व्हिडिओवर, "शेजारी माणूस मेलंय, तिथं लहान पोर घेऊन राहू नका. घर बदला." ह्यांनी लगेच पलीकडच्या कोतो भागात घर बघितलं, शाळेजवळ. चांगलं आहे म्हणे, नवी बिल्डिंग, कमी हलते. मी नाही म्हटलं नाही. खरं सांगू? मला जायचंच होतं. रिकाम्या भिंतीला कान लावून कोण राहणार? गेल्या मंगळवारी ह्यांची सुट्टी, ओमूच्या शाळेलाही, दुपारी जेवायला बसलो आणि हे म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत कोतोच्या घराच्या माणसाला कळवायचंय. हो सांगू ना? मी तोंड उघडलं हो म्हणायला आणि ताटातली वाटी सरकली.

फार मोठा नव्हता. पण तू नसतानाचा पहिलाच. मी ओमूला धरून टेबलाखाली, हे दार धरून उभे. थांबला. आणि आम्ही सगळे तसेच गप्प. मला कळलं की मी वाट बघतेय. ओमू जपानीत म्हणाला, डेकु काहीच बोलत नाही. मला टेबलाखालून निघवेना.

तेवढ्यात वरून टणटण. इनोउए आजींची काठी. मला वाटलं, आता कशाची तक्रार, आवाज तर कुणी केलाच नाही. परत टणटण. जोरात. परत. तक्रार असती तर एकदाच करतात त्या. मी उठले. मला कुणी उठ म्हटलं नाही, मी उठले, बाल्कनीत गेले, कठडा धरला आणि ओरडले. आवाज फाटला माझा, पण ओरडले, "शून्य-शून्य! मॅच चालू!"

मग वरून, घोगऱ्या आवाजात, रागावून:

"ओसोई!"

म्हणजे उशीर केलास! सहा वर्षं ती म्हातारी वर बसून तुझ्या ओरडण्याची वाट बघायची रे. तुझ्या चपलांकडं बघणारी. तीही घरात एकटीच, काहीतरी घट्ट धरून बसत असणार, तू काय ओरडतोस ते तिला कळत नव्हतं, पण ओरडलास की काठी खाली ठेवत असणार. आणि मॅनेजर म्हणतो, कोदोकुशी. त्याला म्हणावं, वर जाऊन आजींना विचार.

मी आत आले. ह्यांना म्हटलं, आपण इथंच राहायचं.

हे म्हणाले, "अगं पण उद्या मोठा आला तर? तूच घाबरतेस."

"घाबरते. पण आपण गेलो तर ओरडायचं कुणी?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तुझ्या मफलरकडं, तो मी खुर्चीवर टाकलाय. आणि कोतोच्या माणसाला फोन लावून नाही म्हणून सांगितलं. मग फोन हातातच होता म्हणून की मला बरं वाटावं म्हणून, म्हणाले, "डेक्लनची ती शेवटची मॅच, सांगू का तुला काय झालं ते? निकाल आहे माझ्याकडं."

मी म्हटलं, खबरदार.

जन्मात पहिल्यांदा, दादा. मी कानात बोटं घातली, तुझ्यासारखी. ओमूलाही सांगून ठेवलंय, शाळेत कुणी सांगायला लागलं तर पळून यायचं. तेव्हा माझ्याकडून तुला कळणार नाही, आणि मलाही माहीत नाही. भांडण तू जिंकलास असं समजू नको. मी अजून म्हणते, सांगायला पाहिजे असतं माणसानं. ठोकायला पाहिजे असतं.

आरसा आता माझ्या कठड्याला बांधलाय. त्यात तुझी बाल्कनी दिसते, रिकामी, उलटी. मध्यंतर आहे. शून्य-शून्य.